माणूसघाणेपणाचा शिक्का कोणी मारला?

चारचौघांत न मिसळणाऱ्या माणसासाठी आपल्याकडे विशेषणांची कधीच टंचाई नव्हती. घुम्या, शिष्ट, मुखदुर्बळ, एककल्ली, तऱ्हेवाईक, आतल्या गाठीचा. आणि यातलं काही चपखल बसलं नाही तर सरळ माणूसघाणा. ही विशेषणं आपण चहाचे घोट घेता घेता वाटतो, पोराबाळांदेखत वाटतो, आणि ज्याला वाटतो तो पलीकडच्या खोलीत ऐकतो आहे हे ठाऊक असूनही वाटतो. हा माणूस लोकांपासून लांब का राहतो, एवढा एक प्रश्न मात्र आपल्या तोंडून निघत नाही.

त्या एका प्रश्नावर कितीतरी प्रौढ माणसांचं उरलेलं आयुष्य अवलंबून आहे. लोकांपासून लांब राहण्याची कारणं पुष्कळ असतात, पण त्यांतली दोन बाहेरून इतकी सारखी दिसतात की जाणते मानसोपचारतज्ज्ञही चकतात. एक ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता. दुसरं अव्हॉइडंट पर्सनॅलिटी डिसऑर्डर: आपल्याला हसतील, हिणवतील, नाकारतील या धास्तीपोटी माणसं आणि प्रसंग टाळत राहण्याचा, स्वभावात मुरलेला विकार. पहिल्याचा उगम मेंदूच्या जन्मजात घडणीत आहे. दुसऱ्याच्या मुळाशी भीती आहे आणि आपण इतरांपेक्षा कमी आहोत ही घट्ट बसलेली समजूत आहे. दोघांच्या गरजा वेगळ्या, उपचार वेगळे, कायद्याने मिळू शकणारी मदतही वेगळी. आपण मात्र दोघांनाही एकाच माळेचे मणी म्हणून मोकळे होतो.

माझा आरोप याहून पुढचा आहे. हा फरक ओळखणं मुळात अवघड आहे हे खरं; पण आपण आपल्या वागण्याने तो आणखी अवघड करून ठेवला आहे. ज्याच्या मनात भीती नव्हती त्याची वर्षानुवर्षं टिंगल करून आपण ती पेरली. ज्याच्या मनात होती तिला खतपाणी घातलं. आणि आता दोघंही डॉक्टरांपुढे मान खाली घालून बसतात आणि म्हणतात, "मला लोक नको वाटतात." त्या एका वाक्यामागे काय दडलंय हे डॉक्टरांनी शोधायचं, आणि शोधायला लागणारी माहिती आपण लपवून ठेवायची.

एखाद्या सरकारी कार्यालयातला निरोपसमारंभ डोळ्यांसमोर आणा. हेडक्लार्क निवृत्त होताहेत. मागे फ्लेक्स, टेबलावर शाल-श्रीफळ, कागदी प्लेटमध्ये समोसा, वेफर्स आणि पेढा, आणि दर दोन मिनिटांनी किंचाळणारा माइक. सगळा स्टाफ जमलाय, दोघं सोडून.

पहिला जिन्याच्या वळणावर मोबाइलमध्ये डोकं घालून उभा आहे. त्याला आत जायचं आहे, अगदी मनापासून. हेडक्लार्कांनी त्याला नोकरीच्या सुरुवातीला सांभाळून घेतलं होतं. त्याबद्दल चार वाक्यं बोलावीत म्हणून तो रात्रीपासून ती घोळवतोय. पण सूत्रसंचालक ऐनवेळी आपलं नाव पुकारेल, आपली जीभ अडखळेल, मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसेल, हे चित्र त्याच्या डोक्यातून जात नाही. सकाळी साहेबांनी त्याच्या नमस्काराला उत्तर देताना भुवई जराशी उचलली होती. तिचा अर्थ तो दुपारपर्यंत लावत बसलाय. लोकांच्या चेहऱ्यावरचं त्याला कळत नाही असं नाही. गरजेपेक्षा जास्त कळतं, आणि जे नाही तेही दिसतं.

दुसरा रेकॉर्ड रूममध्ये फायली लावतोय. त्याला कोणाचीही धास्ती नाही. माइकचा आवाज त्याच्या दातांतून जातो, फडफडणारी ट्यूब त्याला सहन होत नाही, तळणीचा, अत्तराचा आणि घामाचा वास एकत्र आला की डोकं बधिर होतं. शिवाय कार्यक्रम किती वाजता संपणार आणि आपण त्यात नेमकं काय करायचं, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. तो सकाळीच हेडक्लार्कांच्या टेबलाशी जाऊन त्याच्या परीने निरोप देऊन आला होता: "तुमच्या टिपण्या बिनचूक असायच्या. आता त्या तशा होणार नाहीत." शेजारी त्यांच्या जागी येणारा माणूस उभा होता. तो का रागावला, हे याला अजून कळलेलं नाही. कोणी सांगितलेलंही नाही. सांगितलं असतं तर त्याने माफी मागितली असती, कारण त्याच्या मनात टोमणा नव्हताच.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये दोघांवर एकच निकाल लागतो: "स्वतःला काय समजतात कोण जाणे."

या दोन माणसांमधला फरक वैद्यकशास्त्राने पुरेसा स्पष्ट मांडलेला आहे. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेच्या २०१३ सालच्या पाचव्या आवृत्तीत ऑटिझमचे निकष दोन गटांत आहेत. पहिला गट माणसामाणसांतल्या देवाणघेवाणीचा: संभाषणातली पाळी, नजर-हावभाव, नाती जुळवणं आणि टिकवणं. दुसरा गट वेगळाच: त्याच त्या हालचाली किंवा शब्द, ठरलेल्या क्रमाचा आग्रह, एखाद्या विषयाचं विलक्षण वेड, आणि आवाज, प्रकाश, वास, स्पर्श यांना मिळणारा फार तीव्र किंवा फार क्षीण प्रतिसाद. या चारपैकी किमान दोन हवेत. आणि हे सगळं बालपणापासून हवं. अव्हॉइडंट पर्सनॅलिटी डिसऑर्डरचे निकष सात, त्यांतले चार पुरे होतात. आणि ते एकेक वाचत गेलात तर जवळपास प्रत्येकाच्या पोटात तीच गोष्ट सापडते: टीकेची भीती, नकाराची भीती, हसं होण्याची भीती, आपण गबाळे आणि नकोसे आहोत ही खात्री. त्यात ट्यूबलाइट नाही, बसचा ठरलेला नंबर नाही, रेल्वेच्या वेळापत्रकाचं वेड नाही. हा विकार साधारणपणे तरुणपणाच्या उंबरठ्यावर पक्का होतो.

म्हणून जाणता डॉक्टर तीन गोष्टी तपासतो. माणूस लांब राहतो तो कशापायी: नाकारलं जाण्याच्या भीतीने, की गोंधळ, थकवा आणि न कळणाऱ्या अलिखित नियमांमुळे? पूर्ण विश्वासाच्या माणसाजवळ काय होतं? अव्हॉइडंट माणूस जिवलग मित्रापाशी अनेकदा खुलतो, नकला करतो, अर्ध्या वाक्यातली खोच पकडतो. ऑटिस्टिक माणूस जिवलगापाशी निवांत होतो, पण आडून बोललेलं तिथेही त्याला उलगडेलच असं नाही, आणि कुकरची शिट्टी तिथेही तितकीच टोचते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: तिसऱ्या-चौथ्या वर्षी हे मूल कसं होतं?

हे निकष वाचताना सोपे वाटतात. प्रत्यक्षात दुसऱ्या माणसाच्या बाबतीत ते फसतात. का फसतात, हे समजायला त्याच्या शाळेत जावं लागेल.

पाचवीचा वर्ग. बाई कशावरून तरी चिडून त्याला म्हणाल्या, "बस खाली, पुन्हा तोंड दाखवू नकोस मला." तो खाली बसला आणि तास संपेपर्यंत पाठ्यपुस्तक चेहऱ्यासमोर धरून राहिला. वर्ग हसून लोटपोट झाला. बाईंना वाटलं, पोरगं आपली टर उडवतंय. त्यांनी पट्टी काढली. त्याने फक्त सांगितलेलं ऐकलं होतं. असे प्रसंग आठवड्याला घडत गेले. कोणी सांगे, "चल रे, तुला खेळायला घेतो," आणि घेत नसे. कोणी त्याच्याकडून वर्गातल्या मुलीला अचकट काहीतरी बोलायला लावे आणि मग मुख्याध्यापकांकडे त्याचंच नाव जाई. घरी येऊन सांगावं तर "तूच काहीतरी केलं असशील." दहावीपर्यंत त्याला एक गणित पक्कं सुटलं: तोंड उघडलं की मार किंवा हसं, गप्प बसलं की निदान दुर्लक्ष. तेव्हापासून तो गप्प आहे. बोलण्याआधी चार वेळा विचार करतो, अनोळखी ठिकाणी जात नाही, आपण मूर्ख आहोत असं मानतो. आता त्याला अव्हॉइडंटचे सात निकष लावा. चार सहज पुरे होतील.

ही भीती त्याने जन्मताना आणली नव्हती. आपण ती त्याला शाळेत शिकवली, आणि तेवढ्या एका विषयात तो पहिल्या वर्गात पास झाला. आता डॉक्टरांना दिसते ती भीती, कारण ती वर आहे. खालचा ऑटिझम पाहायला कोणी आत उतरत नाही. काही माणसांत दोन्ही गोष्टी खरोखरच एकत्र नांदतात; पण अशा प्रत्येक माणसाबाबत विचारायला हवं की दुसरी गोष्ट पहिलीवर कोणी लादली.

"पण ती माणसं आधी विचित्र वागतात, मग लोक हसतात," असं कोणी म्हणेल. त्यांनी २०१७ सालचा नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास पाहावा. ऑटिस्टिक आणि इतर प्रौढांच्या बोलण्याचे काही सेकंदांचे तुकडे अनोळखी लोकांना दाखवले. तेवढ्यातच पाहणाऱ्यांनी ऑटिस्टिक माणसांबद्दल प्रतिकूल मत बनवलं: यांच्याशी बोलावंसं वाटत नाही, यांच्याशेजारी बसावंसं वाटत नाही. मग तेच बोलणं नुसतं कागदावर लिहून वाचायला दिलं. मत बदललं; प्रतिकूलता उरली नाही. म्हणजे माणूस काय बोलला यात खोट नव्हती. सूर, नजर, हातांची हालचाल आपल्या ओळखीची नव्हती, एवढ्यावर आपण काही सेकंदांत त्याला बाद केलं. नोकरीच्या मुलाखतीत आणि बघण्याच्या कार्यक्रमात आपण दुसरं काय करतो?

आणि "त्यांना माणसं कळत नाहीत" हेही अर्धसत्यच आहे. स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली मांडलं की ही न कळण्याची गोष्ट दुतर्फा असते. जितके त्यांना आपण कळत नाही तितकेच ते आपल्याला कळत नाहीत. २०२० साली कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी कानगोष्टीसारखा एक प्रयोग केला. एक गोष्ट एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगत जायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत ती तितकीच शाबूत राहिली जितकी सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्या साखळीत. गळती झाली ती मिश्र साखळीत. दोष एकाच बाजूचा असता तर असं झालं नसतं. पण बहुसंख्य आपण आहोत, म्हणून न कळण्याचा सगळा दोष त्यांच्या नावावर चढवून आपण नामानिराळे.

वैद्यकशास्त्रही धुतल्या तांदळाचं नाही. लिओ कॅनर यांनी १९४३ साली बाल्टिमोरमध्ये ११ मुलांची वर्णनं प्रसिद्ध केली तेव्हापासून पुढची काही दशकं आईवर बोट रोखलं गेलं. आई थंड, मायेचा ओलावा नसलेली, म्हणून मूल असं. ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ साली त्यावर आख्खा ग्रंथ लिहिला. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, १९६४ सालीच हे मत खोडून काढलं होतं. आणि १९७७ साली सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या, तेव्हा एकसारख्या जुळ्यांच्या ११ पैकी ४ जोड्यांत दोघांनाही ऑटिझम निघाला आणि वेगवेगळ्या जुळ्यांच्या १० पैकी एकाही जोडीत नाही. आनुवंशिकतेचा हात त्या दिवसापासून उघड आहे. आपल्या घरांत मात्र बेटलहाइमचं नावही न ऐकलेल्या आत्या आणि काकू आजही तोच निकाल देतात: "आई नोकरी करते ना, म्हणून." "मोबाइल हातात दिला, म्हणून."

आजच्या चाळीस-पन्नाशीतल्या माणसांचं नुकसान आणखी एका कारणाने झालं. १९८० साली निघालेल्या त्याच निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत हे दोन्ही विकार स्वतंत्र नावानिशी दाखल झाले. पण ऑटिझम गेला लहान मुलांच्या विकारांत, वयाच्या ३० महिन्यांआधी दिसणारा म्हणून. आणि अव्हॉइडंट गेला मोठ्यांच्या व्यक्तिमत्त्वविकारांत. साहजिकच बालपणी निसटलेलं मूल मोठं होऊन डॉक्टरांकडे गेलं की त्याच्यासाठी मोठ्यांच्या यादीतलंच नाव काढलं जाई. आपल्याकडे तर १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात ऑटिझमचा उल्लेखही नव्हता. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात तो आला, आणि २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत त्याला जागा मिळाली. तोवर १९८० साली जन्मलेलं मूल छत्तीस वर्षांचं झालेलं होतं.

ही माणसं किती असतील? इंग्लंडमध्ये २००७ साली घरोघरच्या प्रौढांची पाहणी झाली, त्यात हजारी सुमारे दहा जण ऑटिझमच्या निकषांत बसणारे निघाले, आणि ते बहुतांशी ओळखलेच गेले नव्हते. त्या देशाने २००९ साली खास कायदा करून प्रौढांसाठी धोरण आखणं सरकारवर बंधनकारक केलं. आपल्याकडे प्रमाणपत्रासाठी वापरात आलेली सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेची ४० कलमांची मोजपट्टी मुख्यतः मुलं डोळ्यांसमोर ठेवून बेतलेली. नोकरी करणारा, नजरेला नजर द्यायला घोकून शिकलेला चाळिशीचा माणूस तिच्यासमोर बसला तर ती त्याचं काय मोजणार?

आता मूळ आरोपाकडे येऊ. प्रौढाचं निदान करताना डॉक्टरांची सगळी भिस्त बालपणाच्या हकिगतीवर असते. त्या काळाचे साक्षीदार आई, वडील, मोठी बहीण, आजी. आणि हे साक्षीदार ऐनवेळी फितूर होतात.

तपासणीच्या खोलीत हे कसं होतं ते बघा. चौतिशीचा मुलगा, शेजारी आई, मागे उभा धाकटा भाऊ. डॉक्टर विचारतात, "लहानपणी इतर मुलांत खेळायचा का?" आई तोंड उघडणार इतक्यात भाऊ म्हणतो, "हो, अगदी नॉर्मल होता." कारण भावाचं लग्न ठरायचं आहे. आईला आठवत असतं: हा अंगणात तासन् तास सायकलचं चाक उलटं करून फिरवत बसायचा, नवे कपडे घातले की अंग ओरबाडून घ्यायचा, भाताला वरणाचा थेंब लागला तर ताट सरकवायचा. पण ती म्हणते, "तसं काही नव्हतं हो. जरा लाजाळू, एवढंच." फितूर होण्यामागे द्वेष नाही, प्रेमच आहे, आणि त्या प्रेमाला धाक आहे तो आपला. "यांच्या घराण्यातच आहे" म्हणून दुसऱ्या मुलाची सोयरीक मोडणारे आपणच ना? डॉक्टर कागदावर लिहितात: बालपण सामान्य. ऑटिझमचा रस्ता तिथेच बंद होतो.

चुकीच्या निदानाची किंमत कोण मोजतं? अव्हॉइडंट माणसाला जे उपयोगी पडतं त्यात भीतीच्या प्रसंगांना थोडंथोडं, ठरवून, आधार देत सामोरं जाणं येतं. लोक खरोखर हसत नाहीत असा अनुभव साठत गेला की भीती हळूहळू ओसरू शकते. हाच उपचार ऑटिस्टिक माणसाला सरसकट लावला आणि त्याला दर आठवड्याला गजबजलेल्या मॉलमध्ये पाठवलं, तर आवाज आणि प्रकाश कमी टोचू लागत नाहीत. तो फक्त जास्त दमतो, आणि उपचारातही आपण नापास झालो असं मानून घेतो. उलट चूकही तितकीच वाईट. भीतीने पोखरलेल्या माणसाला "तू जन्मतःच असा आहेस" असं सांगून टाकलं, तर ज्यातून वाट निघू शकत होती तिथे आपण दार लावून घेतलं. मोबाइलवरच्या रील्स पाहून स्वतःचं निदान करणाऱ्या तरुणांना हे सांगायला हवं. गर्दी टाळता का, या प्रश्नाला दोन्ही प्रकारची माणसं होच म्हणतील. का टाळता, ते रील विचारत नाही. पण त्या तरुणांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. घरात, शाळेत, दवाखान्यात कोणी ऐकून घेतलं असतं तर ते रीलकडे गेलेच नसते.

या सगळ्यात बाईचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. गप्प मुलगा आपल्याला खटकतो. गप्प मुलगी आवडते. ती "शहाणी", "घरंदाज", "कुणाच्या अध्यात ना मध्यात". तिच्या गप्प राहण्याची चौकशी होतच नाही. वर्गातल्या हुशार मुलीच्या लकबी ती निरखते, हसायचं कधी, मान कधी हलवायची, सगळं पाठ करते आणि निभावून नेते. अशा सोंगामागे लपलेली लक्षणं नंतर उघडी पडू शकतात, हे त्या पाचव्या आवृत्तीतच मान्य केलेलं आहे: माणसाकडून होणाऱ्या अपेक्षा त्याच्या ताकदीपलीकडे गेल्या की. आपल्याकडे तो दिवस बहुधा लग्नानंतर उगवतो. भरलेलं घर, स्वतःची खोली नाही, सकाळपासून कुकर, मिक्सर, टीव्ही, दारात पाहुणे, आणि प्रत्येकाच्या मनातलं न सांगता ओळखण्याची सक्ती. "हिला माणसांची आवडच नाही," सासरचे म्हणतात. ती अंथरूण धरते, नैराश्याच्या गोळ्या सुरू होतात, आणि गोष्ट तिथेच मिटवली जाते.

पुरुषाचं लग्न तर उपचार म्हणूनच लावलं जातं. बायोडाटात लिहायचं, "शांत, निर्व्यसनी, मितभाषी", आणि मनात म्हणायचं, "बायको आली की येईल ताळ्यावर." एका माणसाची अडचण सोडवायला दुसऱ्या माणसाचं आयुष्य, तेही न सांगता, वापरणं याला नीतीच्या भाषेत फसवणूक म्हणतात. ती करताना आपण सनई लावतो.

अव्हॉइडंट माणसाच्या बाबतीतही आपले हात स्वच्छ नाहीत. त्या विकारात जन्मजात बुजरेपणाचा वाटा असतो, हे मान्य. पण बालपणीच्या हेटाळणीचा आणि दुर्लक्षाचाही असतो. पाहुण्यांसमोर "कविता म्हणून दाखव" असा हुकूम, अडखळल्यावर सर्वांदेखत हशा, मार्कांवरून शेजारच्या मुलाशी तुलना, आणि उठता-बसता "लोक काय म्हणतील". हे वाक्य आपण पोरांना इतक्या लहानपणी इतक्या वेळा ऐकवतो, आणि मग त्यांतला एखादा खरोखरच त्या वाक्यात राहायला गेला की त्याला भित्रा म्हणतो. पुढे त्याच्याच बापाकडून फी घेऊन व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर भरवतो आणि पन्नास अनोळखी लोकांपुढे त्याला पुन्हा उभं करतो.

मग करायचं काय?

शाळांनी पहिलं काम करावं: स्नेहसंमेलनात प्रत्येकाला मंचावर ढकलणं थांबवावं, आणि मुलाबद्दल जे दिसतं ते प्रगतिपुस्तकात निंदा न करता लिहावं. "मिसळत नाही" एवढा शेरा कोणाच्या उपयोगाचा नाही. "मधल्या सुट्टीत एकटा पायऱ्या मोजतो, घंटा वाजली की कान झाकतो" हे वाक्य पंचवीस वर्षांनी एखाद्या डॉक्टरला योग्य निदानापर्यंत नेऊ शकतं. आईवडिलांनी ती जुनी प्रगतिपुस्तकं रद्दीत घालू नयेत. कार्यालयांनी लेखी सूचना, बदलाची आगाऊ कल्पना आणि गोंगाटापासून दूर एक टेबल एवढं द्यावं. २०१६ चा कायदा दिव्यांग कर्मचाऱ्यासाठी असे वाजवी फेरबदल करायला सांगतोच, आणि त्यांना खर्च जवळपास नाही. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत नाव देण्याची घाई करू नये, आणि आवाज-वास-प्रकाशाबद्दल प्रत्येक "बुजऱ्या" प्रौढाला विचारावं. आणि रहिवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालापासून नियमांत असताना गल्लीत डॉल्बीच्या भिंती उभ्या करणाऱ्या मंडळांनी एवढं ध्यानात घ्यावं की त्या आवाजात कोणीतरी चार दिवस न्हाणीघरात कान दाबून बसलेलं असतं, आणि ते नाटक नसतं.

या सगळ्याला वर्षं लागतील. पण एका कामाला तेवढा अवधी नाही. प्रौढ ऑटिझमची जी पिढी आपल्याकडे ओळखलीच गेली नाही, तिच्या आया आता सत्तरी-पंचाहत्तरीच्या आहेत. मुलगा किंवा मुलगी तीन वर्षांची असताना कशी होती, हे त्यांच्याखेरीज कोणाला ठाऊक नाही. त्या गेल्या की ती हकीगत कायमची गेली, आणि मग उत्तमातला उत्तम तज्ज्ञही अंदाजच करत राहणार. तुमच्या घरात असा चाळिशीचा गप्प माणूस असेल तर त्याच्या आईला या आठवड्यात विचारा. ती बोलू लागली की लिहून घ्या, आणि तेवढा वेळ घरातल्या कोणीही मध्ये "तसं काही नव्हतं हो" म्हणू नये.